पदराआडची गाठ

आमच्या पिढीत आपले कान कधी टोचले हे कुणालाच आठवत नाही. आठवणी साठायला लागायच्या आधीच ते टोचलेले असायचे. बारशाच्या सुमाराला, नाहीतर पाचव्या-सातव्या महिन्यात चांगला दिवस बघून सोनाराला सांगावा जायचा. कोल्हापुरातल्या आमच्या वाड्यात तीन चुलत घरं एका चुलीवर जेवत आणि त्या तिन्ही घरांतल्या मुलामुलींचे कान एकाच सोनारकाकांनी टोचलेले. मोठ्या भावंडांनी धाकट्यांचं पाहिलं, धाकट्यांनी त्याहून धाकट्यांचं. आज साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेले आम्ही सगळे एकत्र बसलो, की प्रत्येकाच्या आठवणीत तोच सोपा, तीच घोंगडी आणि तेच रडणं असतं. फक्त बाळ वेगळं.

सोनारकाका सराफांच्या गुजरीतून चालत यायचे. पिशवीत बारीक पक्कड, छोटी कानस आणि कागदाच्या पुडीत सोन्याच्या तारेची सुंकली. आल्याबरोबर त्यांना गरम पाण्याचा तांब्या लागायचा. हात धुऊन, तारेचं टोक कानशीवर घासून ते आधी बाळाची पाळी दाराच्या उजेडाकडे धरायचे. उन्हात ती कोवळी पाळी गुलाबी दिसायची आणि शिरा कुठून जातात ते कळायचं. मग दोन्ही पाळ्यांवर कुंकवाचा ठिपका. ठिपके एका पातळीत आहेत ना, हे समोरून निरखून पाहणं. आणि मग, आत्याच्या मांडीवरच्या बाळानं हुं की चूं करायच्या आत, तार आरपार. पक्कडीनं टोकं वळली की आजी बाळाच्या ओठाला साखर लावायची. सोनारकाकांना नारळ, तांदूळ, गूळ-खोबरं आणि दक्षिणा मिळायची.

पुढचे सगळे दिवस आजीचे. कोमट केलेल्या खोबरेल तेलात चिमूटभर हळद, आणि तेही कापसाच्या टोकानं, भोकाच्या कडेकडेनं. न्हाऊ घालताना पीठ कानात अडकू द्यायचं नाही, कुंचीची दोरी कानावरून घ्यायची नाही, नव्या जरीच्या पदराचं लुगडं नेसून बाळाला उचलायचं नाही. सगळ्यांत मोठा नियम एकच: "भोकाला हात लावू नगंस." कुणीही तार फिरवून पाहायची नाही, खपली काढायची नाही, ओढायची नाही. आम्ही मुलं कौतुकानं बोट पुढे केलं, की तिची नजरच पुरे व्हायची.

या पद्धतीचा वारसा फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याच्या विधीनंच सुरू होतो. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्ल पक्षात, बाळाला मांडीवर घेऊन, खेळण्यांनी भुलवून, सूर्याच्या उजेडात पाळीतली नैसर्गिक पातळ जागा पाहून एका झटक्यात टोचावं, असं तिथं सांगितलं आहे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. नंतर तेलात भिजवलेली वात भोकात ठेवायची आणि दर तीन दिवसांनी ती थोडी जाड करत न्यायची. चुकीच्या जागी शीर दुखावली तर ताप, दाह, सूज आणि वेदना होतात, हा इशाराही त्यात आहे. आमच्या सोनारकाकांनी हे काही वाचलेलं नव्हतं. पण पाळी उजेडाकडे धरण्याची त्यांची सवय त्याच परंपरेतून हातोहात आलेली होती.

एवढं जपणारं घर असूनही आमच्याकडे दोन कान कायमचे बिघडले. ते लहानपणच्या टोचण्यामुळे बिघडले नाहीत. ते बिघडले मोठेपणी पाडलेल्या दुसऱ्या भोकांमुळे, आणि त्याहून जास्त, त्या भोकांपाशी आलेल्या गाठींवर घरात केलेल्या उपचारांमुळे. आमच्या मुली-नाती आता कानाला तीन-तीन, चार-चार भोकं पाडून घेतात. म्हणून ही आठवण नीट मांडायला हवी.

मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली, की घरातल्या बायकांच्या बोलण्यात बुगडी यायची. पाळीत कुड्या, वरच्या कानाच्या कडेला बुगडी, त्यांच्या मधे सोन्याचा वेल, असा लग्नाचा साज ठरलेला. बुगडीचं भोक त्यासाठी आधीच पाडून ठेवायचं. पण मोठ्या मुलीसाठी सोनाराला घरी कोण बोलावणार? ते काम माजघरातच व्हायचं. शिवणाची सुई दिव्यावर तापवायची, तेलात बुडवलेला दोरा ओवायचा आणि कानामागे बटाट्याची चकती धरून सुई घालायची. दोरा सुटला, की भोक बुजू नये म्हणून तुळशीची नाहीतर कडुनिंबाची काडी. बऱ्याच जणींचं सुरळीत पार पडायचं. काहींचं पिकायचं, ठणकायचं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत निवायचं. मात्र एखादीच्या कानाला, सगळं बरं झालं असं वाटत असताना, दोन-चार महिन्यांनी, कधी वर्षभरानेही, भोकाच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी टणक लागायचं. बायका म्हणायच्या, "मांस आलं."

आज डॉक्टर त्याला केलॉइड म्हणतात. जखम भरताना शरीर कोलॅजन नावाचं तंतुमय द्रव्य तयार करतं आणि काम झालं की थांबतं. काहींच्या त्वचेत हे थांबणंच नीट होत नाही. चुलीपाशी लक्ष ठेवणारं कुणी नसलं की दूध पातेल्याबाहेर जातं, तसा तो व्रण जखमेची मूळ सीमा ओलांडून पसरतो. जखमेच्या रेषेतच राहणारा उंचवटा वेगळा. तो पुष्कळदा काही महिन्यांत, वर्ष-दोन वर्षांत आपोआप खाली बसतो. केलॉइड आपण होऊन क्वचितच बसतं. आधी लालसर, मग तपकिरी, गुळगुळीत, टणक. खाज सुटते, कधी टोचल्यासारखं दुखतं. कानाच्या पाळीला ते पुष्कळदा पुढून लहान आणि मागून मोठं असं दोन्हीकडे येतं. ते संसर्गजन्य नसतं, आणि तो कॅन्सरही नसतो. या दोन गोष्टी त्या काळी कुणी ठामपणे सांगितल्या असत्या, तर आमच्या घरातल्या दोन मुलींची निम्मी भीती तिथेच संपली असती.

त्यातली पहिली आमची धाकटी आत्या. तिच्या बुगडीच्या भोकाशी गाठ आली ती लग्न ठरायच्या वर्षी. मुलगी पाहायला माणसं येणार, पोह्याची बशी घेऊन तिनं पुढे जायचं आणि कानाच्या कडेला हरभऱ्याएवढा गोळा. चामखिळीवर चालतं ते यावरही चालेल, या हिशेबानं कुणीतरी खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावायला सांगितला. आत्यानं दात आवळून तो लेप सोसला. चुना आणि सोडा दोन्ही दाहक क्षार. ते वरच्या त्वचेवर थांबत नाहीत, ऊती विरघळवत आत उतरत राहतात. गाठ काळी पडली, मग जखम उघडी झाली, आणि चार दिवसांत अख्खा वरचा कान लालबुंद होऊन सुजला. पाळी तेवढी सुटली.

वरच्या कानाच्या बाबतीत हा धोका सगळ्यांत मोठा, कारण तिथे पाळीसारखं मऊ मांस नसून कूर्चा असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातूनच तिचं पोषण होतं. त्या आवरणाखाली पू साचला, की कूर्चा उपाशी पडते आणि विरघळते. जंतूही बहुतेकदा हट्टी असतो, आणि नेहमीच्या साध्या गोळ्यांना तो दाद देत नाही. आत्याला दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. पू काढला, इंजेक्शनं झाली, ताप उतरला, पण कानाची कड चुरगळून आत वळली ती कायमची. पुढे आयुष्यभर तिचा पदर डोक्यावरून घेऊन त्याच बाजूला जास्त ओढलेला असायचा. आम्हाला तो तिचा पदर घेण्याचा ढंग वाटायचा. कारण कळलं ते फार उशिरा.

दुसरी आमची ताई, थोरल्या काकूंची मुलगी. तिनं पाळीतच, पहिल्या भोकाच्या वर, दुसरं भोक पाडून घेतलं. तिला पाळीच्या मागे बोराएवढी गाठ आली, आणि तिला देठ असल्यासारखी ती जरा लोंबायची. त्या काळी कोल्हापुरात टांगे भरपूर होते. टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला आणि गाठीच्या मुळाशी आवळून बांधला. रोज थोडा अधिक आवळायचा. गाठ निळी झाली, मग काळी. वास यायला लागला. ताई रात्री कुशीवर झोपू शकत नसे. एके दिवशी गाठ खरंच गळून पडली. घरात कोण आनंद! काकूंनी देवीला नारळ फोडला.

वर्ष उलटायच्या आत त्याच जागी नवी गाठ आली. या वेळी पुढूनही आणि मागूनही, आधीपेक्षा मोठी. याचं कारण तेव्हा कुणालाच उमगलं नाही, आणि सगळ्या घरगुती उपायांचा खरा धोका नेमका तिथेच आहे. केलॉइड हा जखमेला दिलेला शरीराचा जादाचा प्रतिसाद असतो. केस आवळून, चुना लावून, ब्लेडनं कापून, तापलेल्या सुईनं फोडून आपण त्याच त्वचेला नवी जखम देतो. त्वचा आपल्या स्वभावाप्रमाणे पुन्हा वागते आणि या वेळी तिच्यासमोर जखम मोठी असते. शस्त्रक्रियेच्या खोलीत, निर्जंतुक हत्यारानं, निष्णात हातांनी केलॉइड कापून काढलं आणि पुढे दुसरा कसलाच उपचार केला नाही, तरी ते परत येण्याचं प्रमाण 45 ते 100 टक्के सांगितलं जातं. मग घोड्याच्या केसाची काय कथा? शिवाय रक्तपुरवठा तोडून मारलेलं मांस म्हणजे जंतूंना आयतं आमंत्रण. त्यावर घोड्याचा केस, चुलीतली राख, शेण, मातीची बोटं. धनुर्वाताला यापरती मोकळी वाट नाही. आमची ताई त्यातून वाचली हे तिचं नशीब.

आजूबाजूच्या घरांतही असंच चालायचं. कुणी बिब्बा तापवून गाठीवर टेकवला. बिब्ब्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात, काळे डाग पडतात, आणि ज्याला त्याची बाधा होते त्याचा चेहरा-मान सगळं सुजतं. कुणी लसणाची पाकळी ठेचून रात्रभर बांधली. सकाळी कातडी सोलून निघाली, कारण कच्चा लसूण दीर्घकाळ त्वचेवर राहिला तर अक्षरशः भाजतो. कुणी पायाच्या कुरूपाचं औषध कानाला लावलं. त्यातलं आम्ल तळपायाच्या जाड कातडीसाठी असतं, कानाच्या मागच्या पातळ कातडीसाठी नव्हे. आणि कुणी औषधाच्या दुकानातून खाजेचं मलम आणून महिनोन्महिने चोळलं. त्या मलमात बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. जाड गाठीत ते पुरेसं उतरत नाही, पण भोवतालची चांगली कातडी पातळ करतं, तिचा रंग उडवतं, आणि आत जंतू असले तर त्यांना मोकळं रान देतं.

या बायका निष्काळजी होत्या असं कुणी म्हणू नये. ज्या आजीनं बाळाच्या तारेला बोट लावू दिलं नाही, तिच्याच डोळ्यांदेखत हे सगळं झालं, आणि त्यामागे माया होती, धास्ती होती. त्वचेचा वेगळा डॉक्टर असतो हेच पुष्कळ घरांना माहीत नव्हतं. त्वचारोग म्हटलं की लोकांच्या मनात एकदम कोडाचं नाहीतर महारोगाचं भय यायचं. उपवर मुलीला त्या दवाखान्याच्या बाकावर कुणी बसलेलं पाहिलं, तर काय बोलतील? म्हणून गाठ माजघरातच राहिली, आणि उपायही तिथेच झाले. सोनारानंच कान टोचावेत हे आमच्या घराला पक्कं ठाऊक होतं. टोचलेल्या कानाला गाठ आली तर तीही त्यातल्या जाणत्या माणसाकडेच न्यायला हवी, एवढंच सुचलं नाही.

ताईच्या धाकट्या मामांनी शेवटी हट्ट धरला आणि तिला पुण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. बरोबर काकू आणि आजी. डॉक्टर वयानं मोठे होते, शांत होते. त्यांनी कान तपासला, कधी टोचला, काय काय लावलं हे विचारलं, आणि मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालंय का?"

काकू म्हणाल्या, "नाही हो. आमच्यात कुणालाच नाही."

आजी गप्प होती. मग तिनं लुगड्याचा पदर सारला, चोळीची बाही वर केली आणि दंड पुढे केला. दंडावर देवीच्या लसीची खूण होती. आमच्या सगळ्यांच्या आयांच्या, आज्यांच्या दंडावर ती असायचीच, खोलगट, रुपयाएवढी. आजीची मात्र खोलगट नव्हती. ती वर आलेली, तुकतुकीत, लसीच्या जागेपेक्षा दुप्पट पसरलेली होती. "हे चालंल का?" तिनं विचारलं. "आणि माझ्या आईच्या कानाला हुती. ती कुणाला दावायची न्हाई."

डॉक्टरांनी ती खूण बोटानं दाबून पाहिली आणि सांगितलं की हेच त्यांना हवं होतं. केलॉइडचा कल घराण्यात चालत येतो. आईला, आजीला, मावशीला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. सावळ्या त्वचेत तो अधिक दिसतो आणि दहा ते तिशीच्या वयात सगळ्यांत जास्त. लसीची जागा, छातीवरच्या पुटकुळ्या, खांदा, ऑपरेशनचे टाके, भाजल्याचा डाग, यांपैकी कुठेही व्रण असा पसरलेला असेल, तर कानाला भोक पाडण्याआधीच सावध व्हायला हवं. आमच्या घरात ही सूचना पणजीच्या कानावर होती, आजीच्या दंडावर होती, धाकट्या आत्याच्या कानावर होती. तीन बायकांनी ती पदराखाली जपून ठेवली, म्हणून चौथीपर्यंत पोहोचलीच नाही.

त्या एका प्रश्नानं आमच्या घराला मोठं शिक्षण दिलं. पाककृती, ओव्या, दागिन्यांचे नमुने, कुणाच्या लग्नात किती मानपान झाला, हे सगळं आमच्या आज्यांनी जिवापाड सांगितलं. शरीराची आठवण तेवढी सांगितली नाही. आणि मुलीच्या कामी येणारी वडिलोपार्जित माहिती नेमकी तीच होती.

ताईचा उपचार लांबला, पण सरळ होता. गाठीच्या आत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. ती दुखतात, ताई डोळे मिटून काकूंचा हात धरायची. गाठ मऊ पडली, खाज थांबली, आकार उतरला. इंजेक्शनच्या जागची कातडी थोडी फिकट झाली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उरलेला भाग पुढे कापून काढला आणि त्यानंतरही इंजेक्शनं चालू राहिली. आता साधनं वाढली आहेत. सिलिकॉनच्या पट्ट्या आणि जेल, पाळीवर सतत दाब देणाऱ्या खास क्लिप, द्रव नायट्रोजननं गाठ गोठवणं, आणि मोठी किंवा पुन्हा पुन्हा येणारी गाठ असेल तर शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच सुरू होणारे किरणोपचार. कुठला उपाय कुणाला, हे गाठ पाहून ठरतं. पुष्कळदा दोन-तीन उपाय एकत्र करावे लागतात आणि नंतर वर्ष-दोन वर्षं नजर ठेवावी लागते. या गाठीच्या बाबतीत झटपट काहीच नसतं. झटपट बरं करतो म्हणणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहावं.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरांनी काकूंना समजावली, ती आजही जशीच्या तशी लागू आहे. टोचलेल्या कानापाशी आलेली प्रत्येक गाठ केलॉइड नसते. टोचल्यावर थोड्याच आठवड्यांत आलेला लाल, ओला, हात लागताच रक्त येणारा फोड वेगळा असतो. खोट्या दागिन्यातल्या निकेलमुळे कान खाजतो, चिघळतो, ते वेगळं. त्वचेखाली साचलेली पिशवी वेगळी, पुवाचं गळू वेगळं, आणि लहान मुलींमध्ये कधीकधी कुडीची फिरकीच पाळीत रुतून बसते, वरून कातडी येते आणि घरचे तिला गाठ समजतात. प्रत्येकावरचा उपचार निराळा आहे. डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून हा फरक करणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. घरी जे चुकतं ते इथूनच चुकायला सुरुवात होते.

आता वाडा राहिला नाही. नातवंडं पुण्यात, बंगळुरूत, काही परदेशात. घोड्याचा केस गेला, बिब्बाही गेला. पण माजघराची जागा मोबाइलनं घेतली आहे. व्हिनेगरचा बोळा रात्रभर बांधा, ॲस्पिरिनची गोळी वाटून लावा, टूथपेस्ट लावा, चामखीळ गोठवायचा स्प्रे मारा, असे सल्ले हसऱ्या चेहऱ्यांनी आमच्या नातींपर्यंत पोहोचतात. व्हिनेगर हे आम्ल आहे, बांधून ठेवलं की ते भाजतं. चामखिळीसाठीचा स्प्रे कानाच्या कूर्चेजवळ मारला तर काय बिघडेल हे आमच्या धाकट्या आत्याचा कान पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. चुना-सोड्याचंच नवं रूप आहे ते. फरक इतकाच, की तेव्हा सल्ला देणारी शेजारीण निदान दुसऱ्या दिवशी कान बघायला यायची.

कान टोचूच नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. कानातला मोत्याचा लखलखाट मला आजही तितकाच आवडतो, बुगडीचं पुनरागमन पाहून आनंद होतो. फक्त जुन्या घरातलं जे नीट होतं ते घ्यावं. 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात कान टोचल्यामुळे केलॉइड झालेल्या रुग्णांची एक छोटी पाहणी प्रसिद्ध झाली. वयाच्या अकराव्या वर्षानंतर टोचलेल्या कानांत केलॉइड होण्याचं प्रमाण त्याआधी टोचलेल्यांपेक्षा बरंच जास्त असल्याचं तीत दिसलं, आणि घराण्यात तसा कल असेल तर कान लहानपणीच टोचावेत किंवा टोचूच नयेत असा सल्ला तिच्या लेखकांनी दिला. आमच्या आज्यांची तान्हेपणी कान टोचण्याची रीत याच्याशी जुळते. त्यांची स्वच्छता, सोन्याची तार, आणि जखमेला हात न लावण्याचा नियम, हेही सगळं आजच्या सल्ल्याशी जुळतं. वरच्या कानाचं भोक मात्र दाबाच्या बंदुकीनं पाडू नये, निर्जंतुक सुईनं आणि जाणत्या हातानं पाडावं. ते भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर धीर धरावा. ज्या मुलीला एकदा केलॉइड झालं आहे तिनं नवं भोक पाडूच नये. चापाच्या कुड्या आणि बुगड्या आता सराफाकडे सहज मिळतात, त्या घालाव्यात.

आणि गाठ दिसलीच, तर ती जितकी लहान असताना दाखवाल तितका उपचार सोपा. तोवर ती दाबू नये, सोलू नये, बांधू नये, तिच्यावर काही जाळू नये. कान लाल होऊन ठणकू लागला, ताप आला, वरच्या कानाला सूज चढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. उद्यावर टाकू नये.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळ्या बहिणी, वहिन्या, मुली एकत्र आलो. फराळानंतर ताईनं स्वतःहून केस मागे घेतले, कान दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली: घोड्याचा केस, काकूंचा नारळ, पुण्याचे डॉक्टर, आजीचा दंड. धाकट्या आत्याच्या मुलीनं तिच्या आईचं सांगितलं. मग एकेक जण बोलू लागली. कुणाच्या सिझेरियनचा टाका असाच पसरला होता, कुणाच्या मुलाच्या बीसीजीच्या लसीची खूण वर आली होती. एका नातीनं नवीन वर्षात वरच्या कानाला भोक पाडायचं ठरवलं होतं. ती आजीच्या याच शाखेतली. तिनं तिथेच बेत बदलला आणि चापाची बुगडी घ्यायचं ठरवलं.

प्रत्येक घरातल्या मोठ्या बायकांनी एकदा असं बसावं. कुणाच्या कानाला मांस आलं होतं, कुणाच्या दंडावरची खूण पसरली होती, कुणाचा टाका जाड झाला होता, हे मुलींना नावानिशी सांगावं आणि मुलींनी ते आपल्या डॉक्टरांना सांगावं. मुलीसाठी दागिने घडवतानाच हे बोलून घ्यावं. आमच्या पणजीनं ती गाठ लपवली, कारण तिला ती आपल्या अंगातला दोष वाटली. तो दोष नव्हता, त्वचेचा एक स्वभाव होता, आणि त्याची माहिती वेळेवर मिळणं हा आमच्या मुलींचा हक्क आहे.